अंतूबाबाचा फेटा

लालासाहेबानं जन्मात दोनच कामं मनापासून केली, असं त्याची बायको मनुबाई म्हणायची. एक, ऊस लावला आणि दुसरं, अंतूबाबाच्या गोष्टी सांगितल्या. उसाचं काही विशेष नाही. कडेगावच्या त्या पट्ट्यात ज्याच्या रानाला पाणी मिळालं त्यानं ऊसच लावला. अंतूबाबा मात्र एकट्या लालासाहेबाचा होता.

नावावरून कुणाला वाटेल, मठातला कुणी साधू असेल. तसलं काही नाही. अंतूबाबा जर्मनीतल्या एका खेड्यात घरच्या भट्टीवर बीअर बनवायचा. खरं नाव आंटोन, पण लालासाहेबाच्या जिभेवर ते चार दिवसही टिकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लालासाहेब मराठा पलटणीत शिपाई होता. वाळवंटात धरला गेला, आधी इटलीतल्या छावणीत सडला, मग जर्मनीतल्या, आणि तिथून या म्हाताऱ्याकडे कामाला जुंपला गेला. सातू भिजवायचा, मोड आले की माळ्यावर पसरून सुकवायचा, पिंपं घासायची आणि रोज सकाळी दारावरची नावाची पाटी पुसायची. कैदी म्हणून गेलेला माणूस महिन्याभरात घरातल्या ताटाला बसायला लागला.

शेवटच्या हिवाळ्यात त्याला तापानं घेरलं. त्याच वेळी हुकूम आला, की सगळे कैदी बर्फातून चालवत दुसरीकडे न्यायचे. त्या वाटेवर किती मेले त्याची गणती कुणी ठेवली नाही. म्हाताऱ्यानं लालासाहेबाला सातूच्या माळ्यावर पोत्यांच्या मागं झोपवलं आणि पहारेकऱ्यांना सांगितलं, की तुमचा कैदी तापानं मेला, मीच पुरला. म्हाताऱ्याचा थोरला पोरगा रशियात मेला होता. धाकटा पेटर चार वर्षांचा, लालासाहेबाच्या खांद्यावर बसून गोठ्यात हिंडायचा. लढाई संपून निघायची वेळ आली तेव्हा लालासाहेबाकडे द्यायला काहीच नव्हतं. त्यानं डोक्याभोवती हात फिरवून म्हाताऱ्याला समजावलं, की मी परत येईन आणि सगळ्या गावादेखत तुम्हाला फेटा बांधीन. म्हातारा हसला म्हणे आणि त्यानं मान खाली वाकवून दाखवली.

ही गोष्ट पुढं तीस वर्षं माधवनगरला भाऊसोच्या खोलीत रविवारी दुपारी सांगितली जायची. भाऊसो जतकडचा धनगर, पलटणीतून सुटल्यावर गिरणीत राखणदार झालेला. बैठकीतल्या चौघांत त्याच्याकडेच दारूचा परवाना होता, तोही प्रकृतीसाठी, आणि भाऊसोची प्रकृती अशी, की चौघांनी मिळून तिची काळजी घ्यावी लागे. दुसरा नाथाजी, पलटणीत ट्रक हाकलेला आणि आता ऊस वाहणारा. तिसरा सयाजी, साखर कारखान्याचा संचालक. पलटणीत तो गेला नव्हता, पण बाटली सांगलीहून तोच आणायचा म्हणून त्याला माफ होतं. पेला भरला, की लालासाहेब फेसाचा वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि म्हणायचा, "ही न्हवं." मग अंतूबाबाचं पारायण सुरू. होता होता बाकीच्या तिघांनाही त्या न पाहिलेल्या बीअरचं वेड लागलं. सातू काळपट भाजावा का पिवळा, यावर नाथाजी आणि भाऊसो हमरीतुमरीवर यायचे. दोघांनीही सातूचं शेत बघितलेलं नव्हतं.

शहात्तर साली साखरवाल्यांचा एक अभ्यास दौरा जर्मनीला निघाला. सयाजीनं खटपट करून नाथाजीला प्रगतिशील शेतकरी केलं आणि लालासाहेबाला दुभाषी. दुभाष्याला तिथले तीसेक शब्द येत होते, त्यातले निम्मे पिंपं धुण्याचे. भाऊसोला कुठल्याच खान्यात बसवता येईना, तो मागं राहिला. कारखान्याला यंत्रं पुरवणाऱ्या जर्मन कंपनीच्या माणसाकडून सयाजीनं माहिती काढली, की ते गाव अजून आहे आणि सप्टेंबरात तिथं बीअरची मोठी जत्रा भरते. त्याच माणसाला म्हातारा आहे का, एवढं विचारलं असतं तर चटकन कळलं असतं. सयाजीनं तसं सुचवलंही. लालासाहेब म्हणाला, कशाला, जातोयच की आपण. मनुबाईनं एकदा हळूच विचारलं होतं, लढाईच्या वक्ताला बाबाचं वय काय असंल? पंचावन्न, असं त्यानं सांगितलं आणि पुढचा हिशेब केला नाही. तिनं केला, पण बोलली नाही.

साताऱ्याच्या पेठेतून त्यानं अबोली रंगाचा, जरीच्या काठाचा फेटा आणला. दुकानदारानं विचारलं, नवरदेवासाठी का? लालासाहेब म्हणाला, त्याच्याहून मोठ्या माणसासाठी. मनुबाईनं तो धोतराच्या घडीत जपून ठेवला आणि नवऱ्याच्या रोजच्या वापराचा एक धुतलेला पांढरा फेटा जोडीला घातला.

त्या गावात ते पोचले तेव्हा जत्रा ऐन भरात होती. मैदानावर मोठमोठे तंबू होते आणि गावोगावचे बीअर बनवणारे आपापली पिंपं घेऊन आले होते. लांबलांबून लोक आले होते ते नुसतं पोट भरायला नव्हे. एकेक पिंपापुढं थांबायचे, पेला उजेडाला धरायचे, वास घ्यायचे, घोट घेऊन आपसात वाद घालायचे आणि पुढच्या पिंपाकडे सरकायचे. सयाजी हरखला. म्हणाला, हे तर आपल्यासारखेच खुळे आहेत, आपणच एकटे नव्हतो. नाथाजीला तर पहिल्याच पेल्याला डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघांना तिथं सोडून लालासाहेब काखेत पिशवी मारून म्हाताऱ्याच्या घराकडे निघाला. लोकांदेखत बांधायचा म्हणून म्हाताऱ्याला हाताला धरून तंबूत आणायचा बेत होता.

घर होतं, पण दारावरची पाटी नव्हती. खालच्या मजल्यावर पडदे विकायचं दुकान झालं होतं. त्यानं दुकानातल्या बाईला म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. तिनं त्याच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, बाहेर आली आणि चर्चच्या आवाराकडे बोट दाखवलं.

लालासाहेबाला तिथली भाषा वाचता येत नव्हती, पण दगडावरची अक्षरं त्यानं लगेच ओळखली. रोज सकाळी फडक्यानं पुसलेली ती अक्षरं होती. खाली आकडे होते, ते मात्र वाचता आले. म्हातारा जाऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षांपूर्वी लालासाहेब काय करत होता? ऊसच लावत होता. रविवारी माधवनगरला जाऊन, अंतूबाबा आता भट्टीजवळ बसला असंल बगा, असं छातीठोक सांगत होता. तो दगडाजवळ गवतात बसून राहिला आणि लहान पोरासारखा रडला. आपल्याला इतकी वर्षं कशानं अडवलं होतं, याचं एकही धड कारण त्याला सापडेना.

आपल्याकडं मयताच्या घरी उशिरा गेलं तरी चालतं, न जाऊन चालत नाही. गेल्यावर दुखवटा करायचा, म्हणजे बाप गेलेल्या पोराच्या डोक्याला पांढरा फेटा बांधायचा. आता घरातला कर्ता तू, आणि आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, एवढंच त्यात सांगायचं असतं. बोलायचं काही नसतं. बांधणारा बोलत नाही आणि बांधून घेणारा खाली बघतो. अबोली फेटा तर आता चालणार नव्हता. लालासाहेबानं तो पिशवीत तळाशी दाबला आणि मनुबाईनं धुऊन दिलेला पांढरा वर काढला. पेटर तंबूत आपल्या पिंपापाशी आहे, एवढं त्या बाईनं सांगितलं होतं.

आता खरं तर त्यानं थांबायला हवं होतं. सकाळी उठून पेटरच्या घरी जायचं, दारात बसायचं. पण दौऱ्याची गाडी संध्याकाळीच निघणार होती, आणि दुखवटा करायला कुठली जागा चालते नि कुठली नाही, हे त्याच्या गावात कधी कुणाला ठरवावं लागलं नव्हतं. घरातला माणूस जिथं भेटेल तिथं त्याचा दुखवटा.

पेटर पिंपाच्या मागं उभा होता. चांगला थोराड, लाल गालांचा, बापाचंच नाक. लालासाहेबानं आपले तीस शब्द गोळा केले: तुझा बाप, चांगला, माझा बाप, मी माळ्यावर. बाजूला वाजप जोरात चाललं होतं. पेटरला बाप आणि चांगला एवढं कळलं असावं. बापाच्या हातच्या बीअरचं कौतुक करायला लांबून कुणी आलंय असं वाटून त्यानं भरलेला पेला पुढं सारला. लालासाहेबानं तो बाजूला ठेवला आणि घडी उलगडली. एवढं लांबलचक कापड बघून पेटर हसला, फळीवरून वाकला आणि डोकं पुढं केलं.

त्यानं मान वाकवली ती हुबेहूब बापासारखी. लालासाहेबानं फेटा नीट बांधला. एक पीळ इकडचा तिकडं होऊ दिला नाही. शेवटचा शेव खोचला आणि टाळ्या झाल्या. टाळ्या वाढत गेल्या. वाजपवाल्यांनी तिथंच तोंड वळवून नवीन चाल धरली. पेटर बाकावर चढला, पेला वर केला आणि सगळा तंबू ओरडला. मग शेजारच्या एका जाड्या माणसानं पेटरच्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. त्याच्याकडून एका बाईकडे गेला. बांधलेला फेटा टोपीसारखा अख्खा निघतो, ही सोय इतकी वाईट असेल असं लालासाहेबाला कधी वाटलं नव्हतं. अंतूबाबाचा दुखवटा या डोक्यावरून त्या डोक्यावर तंबूभर नाचत होता.

तेवढ्यात सयाजी आणि नाथाजी गर्दीतून वाट काढत आले. फेटा फिरून पुन्हा पेटरच्या डोक्यावर आला, तसा सयाजीनं फोटो काढला. नाथाजीनं लालासाहेबाला कवेत घेतलं.

"बांधलास की रं, लाला! दिला सबूद पाळलास गड्या."

"नाथा, बाबा गेलाय," लालासाहेब म्हणाला.

"आं?"

"गेलाय म्हाताराबाबा. दुखवट्याचा हाय त्यो फेटा."

नाथाजीला वाजपात काही ऐकू आलं नाही. तो मान डोलवून हसला आणि टाळ्या वाजवत राहिला.

शेवटी कुणाच्या तरी धक्क्यानं फेटा बाकाखाली सांडलेल्या बीअरमध्ये पडला आणि सुटला. त्याच्यावरून पाय जायला लागले. लालासाहेब दोन हातांच्या अंतरावर उभा होता. वाकला असता तर मिळाला असता. पण दिलेला दुखवटा माघारी आणत नसतात. आणला तर मयत आपल्या घरी आणल्यासारखं होतं. पेले गोळा करणाऱ्या पोरीनं सांडलेलं पुसायला तेच कापड उचललं, तिथवर तो बघत राहिला. मग बाहेर जाऊन गाडीत बसला. बीअर चाखायची राहिली, हे मुंबईला उतरेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरी मनुबाईनं पिशवी सोडली. तळाशी अबोली फेटा होता तसा निघाला, पांढरा नव्हता. तिनं दोन्ही गोष्टी ओळखल्या.

"कवा गेला बाबा?"

"सात वर्सं झाली."

तिनं उठून चुलीवर पाणी ठेवलं. तो म्हणाला, आता कसलं सुतक, सात वर्षांचं.

"आपल्याला आज कळलं न्हवं. उठा."

न्हाणीत तिनंच त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. घालता घालता विचारलं, पोरानं मान ठेवला का? त्यानं डोळे मिटूनच सांगितलं, ठेवला, समद्या गावाम्होरं वाकला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी खोटं बोलला असेल तर हेच. तिला बरं वाटलं. अबोली फेटा तिनं पेटीत ठेवला.

सयाजीनं फोटो सांगलीत धुऊन आणला आणि त्याची मोठी प्रत काचेत बसवून भाऊसोच्या खोलीत लावली. रविवारी त्याच्याखाली बैठक बसायची. म्हातारा थकून घरी पडला असेल म्हणून मानाचा फेटा पोराला बांधला, असं धरून नाथाजी फेट्याचा प्रसंग रंगवून सांगायचा. भाऊसोला तो बघायला मिळाला नव्हता, म्हणून तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. नाथाजीला खरं सांगायचं, असं लालासाहेब दर रविवारी ठरवून जायचा. पण या तिघांच्या आयुष्यातली ती एवढीच मोठी जत्रा, ती मोडायला त्याचं तोंड उघडेना. अंतूबाबाची गोष्ट त्यानं स्वतः पुन्हा कधी सांगितली नाही. आता ती नाथाजीची झाली होती.

दिवाळीला सयाजीनं हौसेनं त्याच फोटोची एक प्रत घरी आणून मनुबाईच्या हातात दिली. तिनं पदराला हात पुसून ती घेतली आणि दारात उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. लालासाहेब ओसरीवर बसला होता, त्यानं मान वर केली नाही.

"फेटा बांधलेला ह्योच का त्येचा पोरगा?"

"व्हय."

"हसतोय की ह्यो."

 ती फोटो घेऊन आत गेली आणि अबोली फेट्याची पेटी उघडल्याचा आवाज आला.