मामींची जोडी

नायक बोलायला लागला की मामी उठून टीव्हीजवळ जात आणि त्याचा चेहरा तळहाताने झाकून टाकत. "ह्याला नको बघू. हा नुसता बोलतो. तिला बघ, ती ऐकते कशी." मला तमिळ येत नव्हतं, त्यामुळे तो काय बोलतोय हे कळायचा प्रश्नच नव्हता. पण त्या नायिकेने गिळलेला आवंढा, पदराशी चाळा करताना मध्येच थांबलेली तिची बोटं बघता बघता सगळा प्रसंग माझ्यापर्यंत पोचायचा.

लग्न होऊन मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आले ते दोन हजार दोन साली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणून नोकरीची परवानगी नाही. ड्रायव्हिंग येत नाही. तो ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि हीटरची घरघर. खालच्या मजल्यावरच्या मामी मला बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये भेटल्या. मशीनशी आणि नाण्यांशी चाललेली माझी झटापट त्यांनी थोडा वेळ बघितली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "क्वार्टर आधी टाक, मग ढकल." लग्नानंतरची बरीच वर्षं त्यांनी चेंबूरला काढली होती. आपल्याकडे मामी म्हणजे मामाची बायको, त्यांच्याकडे कुठलीही वडीलधारी बाई. मला मात्र त्या दिवशी परमुलखात आजोळ मिळालं.

दुपारी रसम-भात खाऊन आम्ही इंडियन ग्रोसरीतून भाड्याने आणलेली कॅसेट लावायचो. मामींना ती एकच जोडी लागायची. त्यांच्या तरुणपणी त्या दोघांनी एकत्र खूप सिनेमे केले होते. पुढे ती लग्न करून पडद्यावरून गेली, आणि तो आधी बापाच्या, मग आजोबांच्या भूमिका करत राहिला. मी एकदा विचारलं, "मामी, त्या दोघांचं खरंच काही होतं का?"

"लग्न? नाही. काम होता," मामी म्हणाल्या. "तो टाकतो, ती झेलते. खाली पडू देत नाही. अजून काय पाहिजे?"

मामा म्हणजे मामींचे यजमान. औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, अतिशय बोलके. कुठल्याही घरच्या पार्टीत त्यांच्याभोवती घोळका असायचा. त्यांचे ठरलेले किस्से मामी शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकायच्या, आणि हसायच्या जागेच्या जरा आधी त्यांचे डोळे मोठे व्हायचे. ते बघून लोक सावरून बसायचे. लग्न ठरल्यावर मामा त्यांना पहिल्यांदा सिनेमाला घेऊन गेले, तो ह्याच जोडीचा. बाहेर पडताना मामांनी विचारलं होतं, "माझं असंच ऐकशील ना?" हे सांगताना साठीच्या मामी भिंतीकडे बघायच्या.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली, तो नट एका कार्यक्रमासाठी न्यू जर्सीत येतोय. मामा आयोजकांमध्ये होते, त्यामुळे आम्हाला पुढची जागा. मामींनी आदल्या दिवशी त्याच्यासाठी मुरुक्कू तळले. मुरुक्कू म्हणजे आपल्या चकलीचा सख्खा भाऊ. हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये त्या कांजीवरम नेसून, डबा मांडीवर घेऊन बसल्या. शेजारी मामा, दुसऱ्या बाजूला मी. स्टेजवरचं बोलणं त्या हळू आवाजात मला मराठीत सांगत होत्या.

मुलाखत घेणाऱ्या मुलीने त्या नायिकेबद्दल विचारलं. मामी पुढे सरसावल्या. तो काहीतरी बोलला आणि सगळा हॉल हसला. मी मामींकडे बघितलं. त्या मला काहीच सांगेनात. तेव्हा मामाच हसत हसत, मामींच्या अंगावरून माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "तो म्हणतो, ती नुसती बाहुली होती. समोर आणून उभी करायचे, दोघांचा अभिनय ह्यालाच करावा लागायचा." एवढं सांगून ते पुन्हा हसले. डोळे पुसण्याइतके हसले.

मामींनी डब्यावरचे हात काढले नाहीत. नटाचं बोलणं त्यांना लागलं असणारच, पण त्या बघत होत्या मामांकडे.

कार्यक्रमानंतर फोटोसाठी मामा त्यांना स्टेजमागे घेऊन गेले. मामी त्या नटासमोर उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये शांतपणे काहीतरी बोलल्या. तो कॅमेऱ्याकडे बघत होता. फोटो झाल्यावर "थँक्यू, अम्मा" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. डबा मामींच्याच हातात राहिला. गाडीपाशी पोचल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात त्याला?"

"विचारला, बाहुलीसमोर तुला खरा रडू कसा आला?" मामी म्हणाल्या. "त्याने ऐकला नाही."

परतताना गाडीत मामा एकटेच बोलत होते. मध्येच मामींनी मराठीतच विचारलं, "तुम्ही का हसला?"

"सगळेच हसले," मामा म्हणाले. "जोक होता तो."

त्यानंतर मामींनी कॅसेट आणली नाही. मीही विषय काढला नाही. आम्ही दुपारी भाज्या निवडायचो, हवापाण्याचं बोलायचो. दिवाळीच्या पार्टीत मामांनी नेहमीचा किस्सा सुरू केला तेव्हा मामी मध्येच उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ताटल्या विसळायला लागल्या. मामा अडखळले. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी तेच वाक्य दोनदा म्हटलं. शेवट आला तेव्हा कोणीतरी सौजन्याने हसलं. घोळका पांगला. मला मामांची कीव यायला हवी होती, पण आली नाही. माझ्याही मनात त्या दिवशीचं त्यांचं वाकून हसणं रुतून बसलं होतं. सगळा हॉल हसला, ते मामींनी सोसलं असतं. पण घरच्या माणसानेही पुढे होऊन त्यात सूर मिसळला होता.

पुढे नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, श्रूजबरीला आलो. निघताना मामींनी मला जवळ घेतलं. "चांगला ऐकतेस तू," म्हणाल्या. "पण कोणाचा ऐकायचा, ते बघून घे."

दोनेक वर्षांनी मी फोन केला तो मामांनी घेतला. मामी चेन्नईला बहिणीकडे गेल्या होत्या, "थोड्या दिवसांसाठी." ते थोडे दिवस गेल्या हिवाळ्यापासून चालू होते. मामा बराच वेळ बोलले, गुडघ्यांबद्दल, बर्फाबद्दल. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "तू तिच्या जवळची होतीस. तिचं काय बिनसलं, तुला काही बोलली का?"

मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही हसलात."

मामा मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते, हे मला इकडे जाणवत होतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.