धुऱ्यावरची पुडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या तालुक्याच्या न्यूज पोर्टलवर ‘एक जागरूक वाचक’ या नावानं जी मतं यायची, ती मी लिहीत होतो.

पोर्टल म्हणजे एक माणूस, एक मोबाईल आणि एक माईक. बातमीखाली मत लिहायची सोय होती. मी रस्त्यावर लिहिलं, पुढाऱ्यांवर लिहिलं. समोरच्याला न विचारता पत्रकार बातमी करतात यावर तर फारच लिहिलं. हॉटेलात लोक माझंच वाक्य मला वाचून दाखवत. "कोण असन बे हा? लय खोलात जाते." मी चहा पीत राही.

त्या साली माझ्या पऱ्हाटीला बोंडअळी लागली. अळी लागू नये म्हणूनच तर बीटी कपाशीचं बियाणं घेतलेलं. अळी सगळ्या वावरात नव्हती. इथं चार झाडं, तिथं सहा. बियाणं आणलं होतं धामणगाव बढेच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. जाऊन विचारायचं तर गाडीनं वीस मिनिटं. मी गेलो नाही. मोबाईल काढला आणि लिहिलं की धामणगावात बोगस बीटी विकली जात आहे. दुकानाचं नाव घातलं. माझं घातलं नाही.

संध्याकाळी त्याची बातमी झाली. माझ्याच ओळी, जशाच्या तशा, वर लाल पट्टी. कुणी चाचांना फोनसुद्धा केला नव्हता. तिसऱ्या दिवशी एका पक्षाचे लोक किडक्या बोंडांचा हार घेऊन आले, दुकानाच्या पाटीला घातला, फोटो काढले. मग दुसऱ्या पक्षाला निवेदन द्यावंच लागलं.

त्याच आठवड्यात चाचा माझ्या घरी आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले.

"भाऊ, तुमचं मराठी साफ आहे. त्या मोबाईलवाल्यासाठी मले जवाब लिहून द्या."

"काय लिहू?"

"खरं ते लिहा. बीटीच्या पाकिटासंगं एक लहान पुडी येते, साध्या सरकीची, बीटी नसलेल्या. ते धुऱ्यावर लावा लागते, वावराच्या चारी बाजूनं. अळी आली तं तिकडं राह्यते. हरेकाले सांगतो मी. पण लोक काय करतात? जिथं उगवलं नाही तिथं तेच डोबतात. फुकट कशाले जाऊ द्याची! मंग अळी लागन नाही तं काय?" ते हसले. "तुमालेही सांगतलं होतं. पण तुमी वाचणारे माणूस, तुमी धुऱ्यावरच लावली असन."

"हाव," मी म्हटलं.

मी ती पुडी नांग्या भरायला वापरली होती. जिथं बी उगवलं नाही, तिथं तिथं. आणि तेवढ्याच जागी अळी होती. चाचा बोलत होते तेव्हाच मला ती झाडं एकेक दिसायला लागली.

तरी मी म्हणालो, "जाऊ द्या चाचा. जवाब दिला की बातमी वाढते. लोक आठ दिवसांत विसरतात."

"तुमी म्हणता तं तसंच," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

कृषी खात्यानं नमुने नेले होते. बियाणं चांगलं निघालं. त्याची बातमी झाली नाही, आणि ती का झाली नाही असं जागरूक वाचकानंही विचारलं नाही. त्यानं लिहिणंच सोडलं होतं. लोक मात्र विसरले नाहीत. पुढच्या हंगामात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. चाचा आता दोर, घमेली, फवारणी पंपाचे वायसर विकतात. बाजारात कुणीही हाक मारतं, "काय बोगस, कसं काय?" चाचाही हात वर करतात.

हॉटेलात पत्रकारांचा विषय निघाला की वाचणारा माणूस म्हणून लोक अजून माझ्याकडे बघतात. मी चहा मागवतो. ती बातमी अजून पोर्टलवर आहे, खाली मत लिहायची जागाही तशीच आहे. मी चाचांचं दोन ओळींचं देणं लागतो: बियाणं खरं होतं, चूक माझी होती. आणि खाली माझं नाव. त्या ओळी मी अजून तिथं लिहिलेल्या नाहीत, आणि नाव तर इथंही नाही.