ताडकळसच्या बोकडाची गोष्ट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि मी तर असा माणूस, की तोंडात तीळ भिजत नाही!

पिंगळीपासून देवगाव फाट्यापर्यंत कबड्डीचे सामने कुठंही असोत, माइकवर मी असतो. आणि मी असलो, की मारोतीची गोष्ट असतेच. काय खेळायचा! मेंढरांमागं धावून घडलेला गडी — चार जण अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत फरफटत न्यायचा. आजची पोरं चढाईत डावा खांदा टाकून हूल देतात ना? ती त्याची. पोरांना ठाऊकही नाही.

माझी गोष्ट अशी — ताडकळसचा अंतिम सामना, गुण बरोबरीत, मारोतीचा गुडघा सुजलेला. तेवढ्यात बोकडाचं बक्षीस पुकारलं गेलं आणि हा पठ्ठ्या कुणाचं न ऐकता चढाईला धावला. गुडघा गेला, पण गुण आणला! टाळ्या. दरवेळी टाळ्या.

खोटं आहे. गुडघा गेला आणि गुण आणला, तेवढंच खरं.

त्याआधी तो लंगडत माझ्या टेबलापाशी आला होता. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, तिची निवड चाचणी पुढच्याच आठवड्यात. कानाशी वाकून म्हणाला, "भाऊ, माझं नाव पुकारू नगा. गुडघा लय दुखायलाय. चाचणी होऊ द्या, मग तुमी म्हणाल तिथं खेळतो."

मी मान हलवली. हलवली ना!

आमच्याकडं रीत आहे — माइकवर गड्याच्या नावानं बक्षीस पुकारलं, की त्याला जावंच लागतं. नाही गेला तर देणाऱ्याचा अपमान. मला हे माहीत नव्हतं? मीच ती रीत गावोगाव पोसलेली!

मग का? सामना बरोबरीत नव्हताच. मारोतीच्या संघानं तो केव्हाच खिशात घातला होता. बाजारचा दिवस. लोक पिशव्या उचलून एसटीकडं निघाले — मी बोलत असताना, माझ्याकडं पाठ करून! एवढंच. मी ओरडलो, "मारोतीच्या चढाईला पाटलांकडून बोकड!" पुढं खुर्चीवर बसलेल्या पाटलांनी बोकडाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

लोक परत बसले. मारोतीनं माझ्याकडं एकदा बघितलं — आणि गेला.

चारचौघांत पाटलांना नाही म्हणता येईना. बोकड द्यावाच लागला. मारोती परभणीच्या दवाखान्यात पाय बांधून पडलेला, आणि इकडं पंगत. मीही जेवलो. रस्सा मागून घेतला.

यंदा त्याचा सत्कार झाला. इतकी वर्षं ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही, त्यांनी त्याचा हा एवढा फलक लावला! मी रंगात येऊन तीच गोष्ट सांगितली. टाळ्या ओसरल्या तसा मंचावरचा एक पाहुणा पोरांना म्हणाला, "बघा रे, बोकडापायी नोकरी घालवली गड्यानं. इतकं हावरट होऊ नगा!"

सगळे हसले. माझं डोकं भणाणलं — पण कुणावर चिडणार? हा शब्द त्याच्या तोंडात कुणी घातला? पहिल्या रांगेत मारोतीची बायको बसलेली. तिनं पदर पुढं ओढून खाली बघितलं. मारोती खांद्यावरची शाल सारखी करत राहिला.

एक वाक्य पुरलं असतं. माइक माझ्याच हातात होता, चालू होता. मी पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं.