लेकीकडे पोचता केलेला मोरा

आमच्या सिग्नलवाल्या आण्णांनी बांधलेल्या प्रत्येक कर्नेलला बैलाचं नाव असे. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा; बाकी सगळा डोलारा त्याच्यावर. लोक तो तयार घेतात. तयार कर्नेलमध्ये आण्णांच्या बिनतारी रेडिओवरून संदेश पाठवायचा प्रोटोकॉल, म्हणजे त्या रेडिओची बोली, नसे, म्हणून ते स्वतः तो घालून नवा बांधत. मग पडद्यावर नाव उमटे: कोसा, हौश्या, पाखऱ्या. सगळे त्यांच्या दावणीला होऊन गेलेले खिलार.

फौजेच्या सिग्नल तुकडीतून आटपाडीला परतल्यावर त्यांनी माझ्या संगणकाच्या दुकानात जे ठाण मांडलं ते मांडलंच. कर्नेल बांधून व्हायला वेळ लागतो. पडद्यावर ओळी पळत असतात, बघण्यासारखं काही नसतं. "चला, चहा घेऊन येऊ," म्हटलं की आण्णा डोळे वटारत. "गाय व्यायला लागल्यावर धनी चहाला जातो व्हय रं?" शेवटी मीच चहा घेऊन येई.

नवा कर्नेल झाला तरी जुना ते काढू देत नसत. यंत्र सुरू होताना यादी दिसे, नवा वर, जुने खाली; हवा तो निवडायचा, नाहीतर वरचाच चालू होई. जागा अडते म्हणून मी कुरकुर करायचो. "नवा रुळल्याबिगर जुना इकू नये, गड्या. म्या एकदा इकलाय." तो बैल म्हणजे मोरा. लेकीच्या, शालनच्या लग्नासाठी विकला होता, आणि पोरीनं लग्नघरात रडून गोंधळ घातला होता.

शालन कृष्णाकाठच्या गावात दिलेली. पुरात तिथला मोबाईल टॉवर आधी मान टाकतो. आण्णांनी तिला परीक्षेला बसवून रेडिओचा परवाना काढला, तिच्या माळ्यावर रेडिओ, जुना संगणक आणि ट्रॅक्टरची बॅटरी ठेवली. त्यातल्या कर्नेलचं नाव मोरा. "विकलेला बैल लेकीकडं पोचता केलात की!" मी चेष्टा केली. आण्णा हसले नाहीत.

पुढच्या पुरात फोन बंद पडले. आण्णा सकाळपासून दुकानात रेडिओला चिकटून होते. पडदा कोरा. आदल्या आठवड्यात जावयानं मोठ्या हौसेनं फोनवर सांगितलं होतं, "मामा, संगणकात समदं नवं टाकलंय." म्हणजे यादीत वर आता तयार कर्नेल, आणि त्याला रेडिओ ठाऊक नाही. आण्णा मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

"आण्णा, खाली मोरा आहे. दिसेल तिला."

"दिसंल रं. पर ध्यानात याया पायजे."

दुपारी ओळ उमटली: "मोरा जोडला. समदी माळ्यावर हाय. होडी पाठवा."

मी तहसील कचेरीकडे पळालो. होडी निघाल्याचा निरोप घेऊन परत आलो, तर आण्णा संगणकावर हात ठेवून हमसून रडत होते. "पोरीला वळखलं रं मोऱ्यानं!"

गेल्या उन्हाळ्यात आण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर शालन तो संगणक घेऊन दुकानात आली. नवा कर्नेल बांधायचा होता. मी चहाला उठलो नाही. नव्याला आण्णांचं नाव देऊ का, म्हणून विचारलं.

"छ्या! आण्णा कवा कुणाच्या दावणीला ऱ्हायलं का?" ती हसली, मग पदरानं डोळे पुसले. "तुमाला आवडंल ते ठेवा. मोऱ्याला मातुर खाली ऱ्हाऊ द्या. एकदा गेलाय त्यो."