ठिणगीबाई आणि दुसरी बाजू

मुलं त्यांना मागून ठिणगीबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. नाकाच्या शेंड्यावर राग. पण उत्तर चुकलं म्हणून त्या कधी चिडल्या नाहीत. न समजता घोकलेलं बरोबर उत्तर आलं की मात्र भडका उडायचा. "पोपटच पाळायचे असते तर पिंजरा आणला असता!" म्हणायच्या. दहावीला जीवशास्त्र त्यांच्याकडे होतं. उत्क्रांतीचा धडा प्रयोगशाळेत व्हायचा. बरण्यांतल्या फॉर्मालिनच्या वासाने मुलं नाकं मुरडत. बाई भिंतीवर तक्ता टांगत: वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, माणसाचा हात. हाडं मोजायला लावत, मग प्रत्येकाला स्वतःचा पंजा चाचपायला सांगत.

बाई देव मानायच्या. सकाळी त्याचं नाव घेतल्याशिवाय चहाचा घोट घशाखाली उतरत नसे. त्या नावाचं आणि त्या तक्त्याचं भांडण त्यांना कधी दिसलं नव्हतं.

भांडण घरात आणलं ते धाकट्या दिराने. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याचा अभ्यास वहिनीच्या गळ्यात पडला. विज्ञानात गटांगळ्या खाणाऱ्या पोराला त्यांनी शेंडी धरून काठावर आणलं. पुढे त्याने बांधकामाच्या सामानाचं दुकान काढलं, चार मोठ्या लोकांत ऊठबस वाढली, आणि यंदा तो शाळेच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. रविवारचं जेवण मात्र अजून वहिनीकडेच.

एका रविवारी त्याने ताटाशेजारी एक पातळ पुस्तिका ठेवली.

"वहिनी, यंदापासून उत्क्रांतीबरोबर हेही शिकवायचं. मंडळाचं ठरलंय."

बाईंनी ओले हात पुसून पानं चाळली. सजीवांची घडण इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणा बुद्धिमान कर्त्यानेच केली असणार. साधं कुलूप आपोआप घडत नाही, मग डोळा कसा घडेल? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हेच दळण.

"भाऊजी, हे विज्ञान आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दुसरी बाजू आहे. मुलांना दोन्ही बाजू कळू देत की! प्रश्न विचारा, असं तुम्हीच म्हणायच्या ना?"

"विचारा म्हणायचे. उत्तर सापडलं नाही की कुणीतरी केलं असेल म्हणून पुस्तक मिटा, असं नव्हते म्हणत."

"तुम्हीसुद्धा देव मानता ना?"

"मानते. म्हणून त्याला प्रश्नपत्रिकेत उभा करत नाही."

"आधी जेवून घ्या दोघं," बाईंचे यजमान भाजीत चमचा फिरवत म्हणाले. घरात वादळ आलं की ते भाजी ढवळत.

"पालकांचा रेटा आहे, वहिनी. माझ्या हातात काय आहे?"

"अध्यक्षाची खुर्ची अडवून बसता आणि हातात काही नाही म्हणता?" बाईंनी पुस्तिका अशी आपटली की पाण्याचा पेला कलंडला. दीर अर्ध्या जेवणावरून निघून गेला.

मग पालकसभा भरली. बाईंच्या बाजूने बोलायला मोठ्या शहरातून विज्ञानप्रसार करणारे एक वक्ते आले होते. आपलं माणूस आलं म्हणून बाईंना हायसं वाटलं. वक्त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "माकडाचे वंशज म्हणवून घ्यायची ज्यांना लाज वाटते, त्यांनी जरा आरशात बघावं. पुरावे इथेच बसलेत, रांगेने!"

पुढचे दोघेचौघे हसले. मागे शाळेच्या बसचा चालक उभा राहिला. त्याची मुलगी दहावीत होती.

"साहेब, मी कमी शिकलेला माणूस. मुलीला काय शिकवतात, तेवढं समजून घ्यायला आलो होतो. माकड म्हणवून घ्यायला नाही."

बाई ताडकन उठल्या आणि वक्त्यांच्या हातातला माईक त्यांनी काढूनच घेतला.

"आधी तुम्ही खाली बसा! माणूस आजच्या माकडांचा वंशज नाहीच. ती आपली चुलत घराणी. फार फार मागे पूर्वज एक होता, तिथून वाटा फुटल्या. एवढं धड सांगता येत नाही आणि दुसऱ्याला हसता?" मग चालकाकडे वळून त्या म्हणाल्या, "दादा, घसरून आपटलात की पाठीखालचं कोणतं हाड दुखतं?"

"माकडहाड," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळून हसला.

"हां. जुन्या शेपटीचा बुडखा आहे तो. हे नाव कुणा मास्तरणीने ठेवलेलं नाही."

सभागृहात खसखस पिकली. पण बाई हसत नव्हत्या. त्या व्यासपीठावर बसलेल्या दिराकडे वळल्या. "आणि तुम्ही! या पुस्तिकेतला एक प्रयोग दाखवा. एकच. दाखवलात तर उद्यापासून शिकवते."

दीर समोरच्या फुलदाणीकडे बघत बसला.

"मग यात देव कुठे बसतो, बाई?" चालकाने विचारलं.

"ते मला तुमच्याइतकंच कळतं, दादा. त्याचे मार्क मी कुणाला देत नाही."

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी काय होतं? मंडळाने बंद खोलीत पुस्तिका मंजूर केली. 'बाईंचं तळ्यात-मळ्यात आहे,' असं जाता जाता सांगून वक्ते गाडीत बसले. बाईंनी पुस्तिका शिकवायला साफ नकार दिला, तेव्हा दहावी काढून घेऊन त्यांना पाचवीचं सुलेखन दिलं. त्यांच्या जागी आलेले नवे सर धडा आणि पुस्तिका दोन्ही एका दमात वाचत, "दोन मतं आहेत," म्हणत आणि फळा पुसत.

फाटकाशी एकदा बसचालक भेटला. "बाई, मला सगळं पटलं नाही. पण माझ्या मुलीला तुम्हीच हव्या होतात."

"मग हे मंडळाला जाऊन का नाही सांगितलंत?" बाई कडाडल्या. तो मान खाली घालून बसमध्ये चढला.

दीर आला तो परीक्षा उरकल्यावर, एका रविवारी, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. बाईंनी ताट वाढलं. दोन घास गेल्यावर त्याची जीभ सैल झाली.

"वहिनी, खरं सांगू? मला तरी ती पुस्तिका कुठे पटते? पण पुढच्या निवडणुकीला लोक लागतात ना."

बाईंचा वाढणारा हात थबकला. इतके महिने त्या एकाच गोष्टीवर राग आवरून होत्या: चुकीचं असेल, पण पोराला मनापासून वाटतंय.

"ऊठ," त्या म्हणाल्या. त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"अहो, पण वहिनी..."

"ऊठ ताटावरून! तुला खरं वाटत असतं तर जन्मभर भांडले असते आणि जन्मभर जेवायला वाढलं असतं."

दिराने भावाकडे पाहिलं. यजमानांनी चमचा खाली ठेवला होता, आणि ते थांब म्हणाले नाहीत. दीर हात न धुता गेला.

पुस्तिका अजून शिकवतात. बाई पाचवीला सुलेखन शिकवतात, तेही डोळ्यांत तेल घालून. अध्यक्षमहाराज रविवारी हॉटेलात जेवतात.