घरगुती कारणास्तव

खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीची माफी मागायची, ही तिची सवय. सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी न्यायची, कारण जागेवरून उठलं की संगणक मिनिटं मोजायचा. पेन्सिलींची टोकं चावायची. आणि वाक्य कधी अर्धं सोडायचं नाही. एकदा आगीची घंटा वाजली, सगळे जिन्याकडे पळाले. ती पूर्णविराम देऊन मगच उठली.

पाणी तापवायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, हे तिचं काम. सतरा वर्षं. प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ त्यामुळे ऑफिसात तिचं नावच पडलं दिलगीरताई. पूर्वी दिवसाला तीस पत्रं असत. शेजारचं टेबल रिकामं झालं आणि साठ झाली.

एकदा दाढ ठणकली म्हणून ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तोंडात उजेड पाडला.

“ताई, झोपेत दात खाता तुम्ही. पार झिजवलेत. कुणावर दात धरलाय?”

“छे हो! मी तर दिवसभर माफ्या मागते.”

“मग रात्री वसूल करत असाल.”

दाढ काढण्याआधी त्यांनी रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग चिमटा खाली ठेवला.

“दाढ थांबेल. हे थांबायचं नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरांकडे जा.”

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं: कामाचा ताण, पंधरा दिवस पूर्ण विश्रांती.

दुसऱ्या दिवशी ती रजेचा अर्ज भरायला बसली. ‘कारण’ या रकान्यात ऑफिसात सगळे एकच लिहीत. गोदामातल्या हमालाची कंबर गेली, घरगुती कारणास्तव. फोनवर तक्रारी ऐकणारी मुलगी बोलता बोलता रडू लागली, घरगुती कारणास्तव. दिलगीरताईनेही आजवर तेच लिहिलं होतं. आज पेन अडलं. मग तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘कार्यालयीन कारणास्तव.’

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

“ताई, इथे चूक झालीय वाटतं.”

“सतरा वर्षांत माझी चूक सापडलीय का, साहेब?”

“अहो, घरगुती लिहा ना! लगेच सही करतो. हे असं वर गेलं तर मला काय जाब विचारतील!”

“विचारू देत. घरी काय झालंय मला? घरी एक नवरा आहे, तोही गरीब गाय. फुकटचं खापर त्याच्या माथी कशाला?”

“मग रजा मिळणार नाही. उद्या जागा राहिली नाही, तर मला बोलू नका.”

तिचा जबडा आवळला. आवळताना तो तिला आज पहिल्यांदाच कळला. तिने तो मुद्दाम सैल सोडला.

“जागेचं काय घेऊन बसलात? असंच चाललं तर मीच राहायची नाही, असं म्हणालेत डॉक्टर. तेव्हा काय लिहाल? घरगुतीच?”

साहेब अर्जाला जोडलेली डॉक्टरांची चिठ्ठी उलटसुलट करत राहिले.

“सही करा नाहीतर नका करू. मी उद्यापासून पंधरा दिवस येत नाही. सोळाव्या दिवशी जागा असेल तर बसेन, नसेल तर भांडेन.”

“काय हा उद्धटपणा! निदान दिलगिरी तरी व्यक्त करा!”

“आजच्या एकोणसाठ झाल्यात. साठावी माझ्या पडद्यावर आहे, हवी तर ती घ्या.”

ती जागेवर आली. बाटलीचं झाकण उघडलं आणि उभ्यानेच सगळं पाणी प्यायली, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत. फोनवरची मुलगी कानावरचा फोन विसरून बघत राहिली. दिलगीरताईने पर्स खांद्याला लावली. जाता जाता खुर्चीला पाय लागला. तिने खुर्चीला काही म्हटलं नाही.

पडद्यावर साठावं पत्र उघडं होतं: ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही’