महाले सरांचं ‘आज?’

महाले सरांच्या खिशाला पेन नसायचं, सुई असायची. दोरा ओवलेली, खिशाच्या पट्टीत टोचून ठेवलेली. कुणाचं दप्तर उसवलं, कुणाचं बटण तुटलं, की सर शिकवता शिकवता टाके घालायचे. नववीत त्यांनी आम्हाला एक कादंबरी वाचून दाखवायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि शेवटच्या प्रकरणाची पानं आमच्यादेखत कडेनं शिवून टाकली.

“असं कुठं असतं का हो सर!” मी ओरडले.

“असतं. आधी निकाल तुम्ही द्यायचा. मग लेखकाचा बघू.”

आमची आश्रमशाळा मोखाड्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. मी सूर्यमाळच्या पाड्यावरची कुसुम, आणि तोंडानं फटकळ. वसतिगृहात रोज एक तरी भांडण माझ्या नावावर असायचंच. सर मूळचे जव्हारचे, शेतकऱ्याघरचे. पुस्तकातलं मराठी आम्हाला जड जायचं, मग ते मध्येच थांबून तेच आमच्या घरच्या बोलीत सांगायचे. वर्ग खो खो हसायचा आणि गोष्ट पोटात जायची.

गोष्ट होती एका मुलीची. शेजाऱ्यानं खोटी साक्ष दिली म्हणून तिचा बाप तुरुंगात जातो. पुढे त्याच शेजाऱ्यावर चोरीचा आळ येतो. त्यानं चोरी केलेली नाही, हे फक्त त्या मुलीला माहीत असतं. तिनं तोंड उघडलं तर तो सुटेल, गप्प बसली तर अडकेल. एवढ्यावर आणून सरांनी पुस्तक मिटलं होतं. पुढचं सगळं दोऱ्याच्या आत!

दर शनिवारी शेवटच्या तासाला वाचन असायचं. खिडकीखाली स्वयंपाकघरातली जनीमावशी सुपात तांदूळ निवडत बसायची. वाचन सुरू झालं की तिचे हात थांबायचे. तांदूळ काही निवडून व्हायचे नाहीत, आणि शनिवारच्या भातात हमखास खडे लागायचे.

वर्गात कुणी भांडत आलं की सरांचं ठरलेलं असायचं, “आधी पाणी पी. मग भांड.” पाणी पिऊन झालं की दुसरं वाक्य, “दोन्हीकडचं ऐकल्याशिवाय निकाल नाही.” रागाबद्दल म्हणायचे, “राग आला तर हाकलू नका त्याला. ओट्यावर बसवा, विचारपूस करा. चुलीपर्यंत मात्र येऊ देऊ नका.”

एकदा त्यांनी विचारलं, “विहिरीवर तुझा हंडा रांगेत आहे. कुणी तो मागं सरकवून आपला पुढे लावला. काय करशील?” आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीवर हंडा ठेवला की तोच आपला नंबर. माणूस घरी गेलं तरी चालतं, हंड्याला कुणी हात लावत नाही. माझं तर डोकंच फिरलं. “तिचा भरलेला हंडा ओतून देईन!”

“बरं. पाणी कुणाचं सांडलं?”

“तिचं!”

“मे महिन्यात? सूर्यमाळला?”

मे महिन्यात आमच्याकडे सांडलेलं पाणी एकट्याचं नसतंच. वाटी वाटी खरवडून काढलेलं असतं ते, अख्ख्या पाड्याचं. सर कुणाचं तरी बटण लावत बसले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! त्याच रागात त्या शनिवारी तास संपताना मी बोलून गेलेच, “पुढच्या वेळी नाही वाचलंत ना सर, तर दातांनी तोडीन मी तो दोरा!”

पुढच्या शनिवारी सरांनी कपाटातून पुस्तक काढलं, तर दोरा कापलेला.

सर कधी कुणावर आवाज चढवायचे नाहीत. चिडले की उलट अहो-जाहो करायचे, आणि ते जास्त लागायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “उठा कुसुमबाई. एवढा धीर नाही धरवला तुम्हाला?”

“सर, मी नाही—”

“तुमच्याकडून दुसरं काय होणार होतं म्हणा. बाहेर उभ्या राहा.”

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. अंगाची नुसती लाही झाली होती. शिक्षेचं मला काही नव्हतं, शिक्षा मी रोज खायचे. ‘तुमच्याकडून दुसरं काय होणार’ हे मात्र आत जाऊन बसलं. ज्या माणसानं वर्षभर ‘दोन्हीकडचं ऐका’ म्हणून कान किटवले, त्यानं माझं एक वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात जनीमावशी सूप खाली टाकून पदराला हात पुसत आली आणि तडक वर्गाच्या दारात उभी राहिली. “मास्तर, पोरीला नका बोलू. मी कापला दोरा. कोयत्यानं.”

“तू? आणि तुला तर वाचता येत नाही, मावशी!”

“सातवीच्या पोरीकडून वाचून घेतलं. लेकीचं बाळंतपण आलंय, उद्यापासून मी महिनाभर गावाला. त्या मानसाचं काय झालं ते कळल्याबिगर मला झोप नाय लागायची. परत शिवणार व्हते मी, पण तुमच्यावानी टाका जमंना.”

सर खुर्चीतून उठले, बाहेर आले, मला आत घेऊन गेले. स्वतः सगळ्यांसमोर उभे राहिले. “मी दोन्हीकडचं ऐकलं नाही. हिच्या तोंडाळपणावरून हिला चोर ठरवलं. चूक माझी आहे. कुसुम, मला माफ कर.”

शाळेत कुठल्या मोठ्या माणसानं कुठल्या पोराची माफी मागितलेली आम्ही आजवर बघितली नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मी मान डोलावणार, आणि झालं!

“नाही,” मी म्हटलं.

पुढच्या बाकावरच्या पोरींनी तोंडावर हात ठेवले. सर म्हणाले, “बरं.” आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. “शेवटचं प्रकरण तू वाच. आज मी वाचणं बरं दिसत नाही.”

मी वाचलं. राग गेला नव्हता, तरी वाचलं. ती मुलगी पंचांसमोर जाते, खरं ते सांगते, शेजारी सुटतो. तो तिच्या पाया पडायला येतो, आणि ती त्याला म्हणते, तुला सोडवलं, माफ नाही केलं. संपलं पुस्तक.

वर्गात गलका झाला. ही कसली गोष्ट, माफ करायला नको होतं का? सर म्हणाले, “खरं बोलायला तिनं उशीर लावला असता तर माणूस बुडाला असता. ते त्याच दिवशी करायला हवं होतं, तिनं केलं. माफीचं तसं नाही. ती आतून यावी लागते, तिला वेळ लागला तर लागू द्या.”

पुढच्या शनिवारी तास संपल्यावर ते माझ्या बाकापाशी आले आणि हळूच म्हणाले, “आज?”

“नाही.”

“बरं.”

दहावी होईपर्यंत दर शनिवारी हेच. कधी चिडले नाहीत, कधी विसरलेही नाहीत. पुढे मी डी.एड. केलं, मोखाडा तालुक्यातच एका पाड्यावरच्या शाळेत लागले. सर निवृत्त होऊन जव्हारला राहायला गेले होते. एसटी स्टँडवर, पंचायत समितीत, कुठंही भेटले की पहिला शब्द तोच, “आज?” आणि मी म्हणायचे, “नाही!” आजूबाजूची माणसं बघत राहायची, काय हे खूळ म्हणून.

खरं सांगायचं तर माझा राग नोकरीच्या पहिल्याच वर्षी गेला होता. माझ्या वर्गात खडूची पेटी हरवली आणि मी एका पोरीला न विचारताच झापलं. पेटी माझ्याच पिशवीत निघाली. त्या पोरीची माफी मागताना मला घाम फुटला, तेव्हा कळलं, सरांनी चाळीस पोरांसमोर काय केलं होतं. मी मनातल्या मनात केव्हाच माफ करून टाकलं. पण सांगितलं की ते ‘आज?’ बंद होणार! ते मला नको होतं. बापसुद्धा एवढ्या मायेनं वाट बघत नाही हो कुणाची.

शेवटची भेट मोखाड्याच्या बाजारात. सर जीपमध्ये पुढे बसले होते, थकलेले दिसत होते. काचेतून हात बाहेर काढून म्हणाले, “काय कुसुमबाई, आज?”

“आज नाही सर, आज भाजी घ्यायचीय!”

ते हसले. “बरं,” म्हणाले. जीप निघाली.

आठ दिवसांनी फोन आला. झोपेतच गेले म्हणे.

मी जव्हारला गेले तेव्हा घरात फक्त बाई होत्या, सरांच्या पत्नी. मला बघून त्यांनी आतून ते पुस्तक आणून दिलं. शेवटचं प्रकरण पुन्हा नीट शिवलेलं, दोऱ्याला सुई तशीच लटकलेली. माझा बांध फुटला. मी भडाभडा सगळं सांगितलं. माफ केलं होतं, पण बोलले नाही, वर भाजीचं कारण सांगितलं. काय ही माझी जीभ! एरवी नको तिथं चालते, आणि इथं...

बाई म्हणाल्या, “त्यांना ठाऊक होतं गं. तू नाही म्हणालीस की घरी येऊन हसायचे. ‘पोरीनं माफी दिलीय कधीच, पण मला विचारायला लावते,’ म्हणायचे.”

“तरी बाई, त्यांनी माझ्या तोंडून ऐकायचं राहिलंच ना.”

“त्यांचं काही राहिलं नाही. तुझं राहिलंय. बोलून टाक. मी आहे ऐकायला.”

भिंतीला टेकून ठेवलेल्या फोटोतल्या शर्टालाही सुई होती. मी पदरानं डोळे पुसले.

“आज, सर,” मी म्हटलं.

बाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला.